आखाचे वंगण ते गियर बॉक्सचे ऑइल : शिर्डी परिसरातील वाहतुकीचा इतिहास

जुन्या पिकअपच्या गियर बॉक्समधले ऑइल बदलण्याचे काम तासाभराचे आहे. गाडी थोडी फिरवून ऑइल कोमट करायचे, ती सपाट जागी उभी करून चाकांना दगड लावायचे, बाजूचा भरणीचा नट सैल होतो की नाही ते पाहायचे आणि मगच खालचा ड्रेन नट काढायचा. जुने ऑइल पत्र्याच्या डब्यात उतरले की ड्रेन नट घट्ट बसवून नवे ऑइल भरणीच्या भोकातून कडेशी येईपर्यंत भरायचे. साध्या पिकअपला दीड-दोन लिटर पुरते. भरणीचा नट आधी पाहण्याला कारण आहे. तो गंजून बसलेला असला आणि जुने ऑइल उतरवून झालेले असले, तर नवे भरायला वाट उरत नाही आणि गाडी जागची हलवता येत नाही.

इंजिनातल्या ऑइलची पट्टी ओढून कोणीही पाहू शकतो. गियर बॉक्सला आणि मागच्या आखाच्या हौसिंगला बहुधा पट्टी नसते. आत काय चालले आहे ते दिसत नाही, म्हणून हे ऑइल नेहमी सर्वांत शेवटी आठवते. पुस्तिकेत किलोमीटरचा आकडा दिलेला असतो, पण शिर्डी, राहाता, कोपरगाव या पट्ट्यात तो आकडा कधीच पुरेसा ठरला नाही. इथल्या गाड्यांनी काय वाहिले, किती वेळा थांबून वाहिले आणि कोणत्या मोसमात वाहिले, यावरच तेलाचे आयुष्य ठरत आले. ही गोष्ट मोटारी येण्यापूर्वीपासूनची आहे.

बैलगाडीच्या काळात प्रश्न एकाच जागी होता : लोखंडी आख आणि लाकडी चाकाचा तुंबा यांच्यामध्ये. तिथे वंगण घातले नाही तर चाक करकरते, तुंबा आतून झिजतो आणि बैलांच्या मानेवर ओझे वाढते. वंगण म्हणजे मुख्यतः एरंडेल. ते घट्ट, चिकट असते आणि उन्हातही लवकर पातळ होऊन गळून जात नाही. गाडीखाली टांगलेल्या नळकांड्यात ते असे, आणि लांबच्या वाटेला निघण्यापूर्वी चाक थोडे बाहेर ओढून आखाला चोपडले जाई. म्हणजे तेल कधी घालायचे ते अंतरावरून नव्हे, तर आवाजावरून आणि पुढच्या ओझ्यावरून ठरे. काळ्या मातीचा चिखल आखापर्यंत चढला की जुने वंगण पुसून नवे घालावे लागे, कारण मातीचे कण मिसळलेले वंगण लोखंडाला कानसीसारखे खाते. गियर ऑइल बदलण्यामागचे कारणही नेमके हेच आहे.

दौंड-मनमाड रेल्वेमार्ग १८७८ मध्ये सुरू झाला आणि कोपरगाव, पुणतांबा, चितळी ही स्थानके शिर्डीच्या आसपास आली. शिर्डी स्वतः मात्र रेल्वेपासून लांबच राहिली. साईबाबांच्या हयातीत, म्हणजे १९१८ च्या दसऱ्यापर्यंत, मुंबई-वऱ्हाडाकडून येणारा भक्त बहुधा कोपरगावला उतरे आणि पुढची पंधराएक किलोमीटरची वाट टांग्याने किंवा बैलगाडीने काटे. शिर्डीला स्वतःचे रेल्वे स्थानक मिळाले ते थेट २००९ मध्ये, साईनगर शिर्डी या नावाने. मधली सुमारे नव्वद वर्षे स्थानक ते गाव हे अंतर चाकांच्या छोट्या वाहनांनीच भरून काढले. शिर्डीच्या वाहन व्यवसायाचा पाया हे अंतर आहे, आणि इथल्या गॅरेजचा पायाही.

दुसरा पाया उसाचा. गोदावरीच्या आणि प्रवरेच्या कालव्यांचे पाणी विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत या पट्ट्यात खेळले. भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले. हरेगाव, टिळकनगर, साकरवाडी इथे खासगी साखर कारखाने उभे राहिले, आणि १९५० च्या सुमारास लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरेचा सहकारी कारखाना चालू झाला. त्यानंतर राहात्याजवळचा गणेश, कोळपेवाडीचा कोपरगाव कारखाना, संजीवनी अशी रांग लागली. गळिताच्या हंगामात रस्ते रात्रंदिवस वाहते झाले. लाकडी चाकांच्या जागी हवा भरलेल्या टायरच्या बैलगाड्या आल्या, तुंब्यात बेअरिंग आले आणि एरंडेलाची जागा ग्रीसने घेतली. तेल डब्यातून विकत आणायची वस्तू झाली ती इथून पुढे.

मोटारींच्या देखभालीला शिस्त लावण्यात एसटीचा वाटा मोठा आहे, आणि त्या इतिहासात या जिल्ह्याचे स्थान पहिले आहे. राज्य परिवहनाची पहिली बस १ जून १९४८ रोजी अहमदनगरहून (आताचे अहिल्यानगर) पुण्याला निघाली. त्या सुरुवातीच्या गाड्या बेडफर्डच्या होत्या. खासगी लॉरीमालक गाडी बंद पडली की ती उघडत असे. आगारात गाडी बंद पडण्यापूर्वी उघडायची असते. ठराविक मुदतीने ऑइल उतरवणे, गळती पाहणे, हौसिंगची पातळी तपासणे ही कामे आगाराच्या कामकाजाचा भाग झाली. खासगी वाहनधारकांमध्ये ही शिस्त रुजायला बराच काळ लागला, आणि पूर्णपणे ती आजही रुजलेली नाही.

खेड्यापर्यंत पोचलेले पहिले छोटे, दणकट वाहन म्हणजे जीप. महिंद्राने स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत माझगावला विलिसच्या जीपची जुळणी सुरू केली. दुसऱ्या महायुद्धासाठी घडलेली ही गाडी कारखान्यांचे शेतकी अधिकारी, सहकारी संस्था आणि मोठे बागाईतदार यांच्याकडे आली, आणि जुनी झाल्यावर भाड्याच्या वाहतुकीत उतरली. तिच्या तीन गियरच्या बॉक्समध्ये पहिल्या गियरला जुळवणीची कडी नव्हती. गाडी चालती असताना पहिला गियर टाकायचा तर क्लच दोनदा दाबून, मध्ये इंजिनाचा वेग जुळवून घ्यावा लागे. ज्याला हे जमत नसे त्याच्या गियरचे दात कडाकड वाजत आणि त्यांचे तुकडे ऑइलमध्ये उतरत. ड्रायव्हरचा हात कसा आहे ते गॅरेजमध्ये उतरवलेल्या ऑइलवरून कळत असे. दोन बोटांमध्ये घेऊन चोळले तर बारीक चकाकणारी पूड ही नेहमीची झीज असते. खरखरीत कण किंवा नखाएवढा तुकडा सापडला तर दात गेलेला असतो.

याच जिल्ह्याने छोट्या मालवाहतुकीला आणखी एक वळण दिले. नगरच्या फिरोदिया घराण्यातील नवलमल फिरोदिया यांनी १९५८ मध्ये बजाज टेम्पो ही कंपनी उभी केली. जर्मनीच्या विडाल अँड झोन कंपनीच्या सहकार्याने बनलेला हान्सियाट हा तीनचाकी टेम्पो बाजारगावांत भाजी, किराणा, बर्फ, दुधाचे कॅन वाहू लागला. त्यानंतर १९६९ पासून मॅटाडोर आली, आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस ट्रॅव्हलर आणि ट्रॅक्स. मर्सिडीजच्या परवान्याने बनलेल्या डिझेल इंजिनामुळे या गाड्या दीर्घायुषी ठरल्या. दीर्घायुष्याचा एक परिणाम असा की इंजिन टिकले, पण गियर बॉक्सचे ऑइल न बदलता तीन मालक होऊन गेले, अशा गाड्या गॅरेजमध्ये येऊ लागल्या. टाटांनी १९८६ मध्ये ४०७ आणि १९८८ मध्ये टाटामोबाइल हा पिकअप आणला. पुढे २०७, महिंद्राचे पिकअप आणि २००५ मध्ये टाटा एस, म्हणजे सगळ्यांचा छोटा हत्ती. शिर्डीच्या पट्ट्यात आज ‘जुना पिकअप’ म्हटले की एमएच १७ पासिंगच्या या गाड्या डोळ्यांसमोर येतात. श्रीरामपूरच्या परिवहन कार्यालयाचा हा क्रमांक आहे.

या गाड्या काय वाहतात ते बारकाईने पाहिले म्हणजे तेलाचा हिशेब कळतो. पहाटेचा दुधाचा फेरा घ्या. गोदावरी खोरे दूध संघासारख्या संस्थांच्या संकलनासाठी गाडी वस्तीवर थांबते, कॅन चढतात, गाडी पन्नास-शंभर मीटर जाते आणि पुन्हा थांबते. सकाळभरात किलोमीटर फार होत नाहीत, पण पहिला आणि दुसरा गियर शेकडो वेळा टाकला जातो. मीटरवरचा आकडा सांगतो त्याच्या कितीतरी पट झीज या गाडीच्या गियर बॉक्सने सोसलेली असते. याउलट राहात्याच्या बाजारातून डाळिंबाचे किंवा पेरूचे क्रेट भरून रात्री मुंबईकडे निघालेली गाडी चौथ्या-पाचव्या गियरमध्ये तासन्‌तास चालते. तिथे गियर बॉक्सपेक्षा मागच्या हौसिंगमधल्या क्राऊन-पिनियनवर ताण येतो, आणि ओझे क्षमतेपेक्षा जास्त असेल तर ऑइल तापून पातळ होते. हंगामात उसाचे वाढे भरून शेतातून निघणारी गाडी आणखी वेगळी. ओल्या काळ्या रानात रुतलेले मागचे चाक फिरत राहते, पाटातले पाणी आखापर्यंत चढते, हौसिंगच्या हवेच्या भोकातून किंवा झिजलेल्या ऑइल सीलमधून आत शिरते. असे ऑइल उतरवले की ते काळे नव्हे, तर चहात दूध घातल्यासारखे फिकट तपकिरी दिसते. त्या रंगाचे ऑइल किती किलोमीटर चालले हा प्रश्नच उरत नाही. ते त्याच दिवशी बदलावे लागते, आणि सील न बदलता नुसते ऑइल बदलणे म्हणजे पैसे वाया घालवणे.

शिर्डीचा स्वतःचा भार हा यात्रेचा. मनोजकुमार यांच्या भूमिकेसह ‘शिर्डी के साईबाबा’ हा चित्रपट १९७७ मध्ये देशभर दाखवला गेला, आणि नंतरच्या दशकांत गर्दी वाढत गेली. रामनवमी, गुरुपौर्णिमा आणि दसरा हे तीन मोठे उत्सव, शिवाय दर गुरुवारची पालखी. नगर-मनमाड रस्ता गावातूनच जात असल्याने माल आणि माणसे एकाच रस्त्यावर आली. काळी-पिवळी जीप, ट्रॅक्स आणि नंतर क्रूझर यांचा शनिशिंगणापूरचा फेरा हा इथला मोठा व्यवसाय झाला. एका दिशेला सत्तर किलोमीटरच्या आसपासचा हा प्रवास, गाडी माणसांनी भरलेली, गावात पोचल्यावर मात्र पहिल्या गियरमध्ये मुंगीच्या पावलाने. इथल्या गाडीमालकांमध्ये उत्सवाच्या आधी गाडीचे काम उरकून घेण्याची रीत पडली ती यामुळे. ती पुस्तिकेत लिहिलेली नाही, पण तिच्यामागे अनुभव पक्का आहे : गर्दीच्या दिवशी बंद पडलेली गाडी नुसते भाडे बुडवत नाही, रस्ताही अडवते.

कोणते ऑइल घालायचे याचा इतिहासही सरळ नाही. जुन्या मिस्त्रींचा हिशेब साधा होता. गियर बॉक्सला नव्वद नंबर, मागच्या हौसिंगला नव्वद किंवा एकशेचाळीस. हा आकडा घट्टपणा सांगतो, ऑइलमध्ये काय मिसळले आहे ते सांगत नाही. अमेरिकेत पॅकार्ड कंपनीने १९२६ मध्ये हायपॉइड गियर मोटारीत आणले. त्यांत दात एकमेकांवर घसरत फिरतात, आणि तो दाब साधे खनिज तेल सहन करू शकत नाही. म्हणून गंधक आणि स्फुरद यांची संयुगे मिसळलेली ऑइल आली. नवे गियर ऑइल उघडल्यावर येणारा उग्र वास या गंधकाचा. हौसिंगसाठी हे ऑइल उत्तम. पण गियर बॉक्समध्ये वेग जुळवणाऱ्या कड्या पितळेच्या असतात, आणि काही ऑइलमधले गंधक तापल्यावर पितळ खाते. म्हणून हौसिंगला जीएल-५ आणि पितळी कड्यांच्या गियर बॉक्सला जीएल-४ असा फरक बहुतेक जुन्या गाड्यांच्या पुस्तिका करतात. गॅरेजमध्ये मात्र दोन्हीकडे एकाच डब्यातले ऑइल घालण्याची सवय दीर्घकाळ होती. दुसरा गियर कडकड करत पडतो म्हणून क्लचप्लेट बदलली, केबल बदलली, तरी आवाज तसाच, अशा कितीतरी गाड्यांचे मूळ दुखणे चुकीच्या डब्यात होते. इंडियन ऑइलने १९७२ मध्ये सर्व्हो हे नाव बाजारात आणल्यानंतर देशी ऑइल पेट्रोल पंपांवर सीलबंद डब्यांत सहज मिळू लागले. डब्यावरची माहिती वाचणारा मिस्त्री चांगला, ही कसोटी आजही लागू पडते.

ऑटोमॅटिक गियरच्या ऑइलचा इतिहास याहून वेगळा आहे. जनरल मोटर्सने १९३९ मध्ये, १९४० च्या ओल्ड्समोबाइलसाठी, हायड्रा-मॅटिक हा गियर बॉक्स आणला; १९४९ मध्ये अशा बॉक्ससाठी ‘टाइप ए’ हे पहिले मानक ठरले आणि १९६० च्या दशकात डेक्स्रॉन आले. या बॉक्समध्ये ऑइल फक्त वंगणाचे काम करत नाही. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिनाची ताकद तेच पुढे नेते, आतले क्लच त्याच्या दाबाने चिकटतात आणि सुटतात, आणि उष्णताही तेच बाहेर काढते. सुरुवातीच्या ऑइलमध्ये क्लच हळुवार चिकटावेत म्हणून देवमाशाचे तेल मिसळत. अमेरिकेने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यावर बंदी घातली आणि कंपन्यांना दुसरी रसायने शोधावी लागली.

ऑटोमॅटिकचे हे लाल रंगाचे ऑइल शिर्डीच्या गॅरेजमध्ये आले ते गियरसाठी नव्हे, तर पॉवर स्टेअरिंगसाठी. बोलेरो आणि तिच्या पिढीच्या गाड्यांच्या स्टेअरिंगच्या टाकीत डेक्स्रॉन जातीचेच ऑइल पडते. त्यामुळे ज्यांनी ऑटोमॅटिक गियर कधी उघडला नव्हता त्या मिस्त्रींच्या फळीवरही लाल ऑइलचा डबा होता, आणि लाल म्हणजे पॉवरचे, असे समीकरण पक्के झाले. यात्रेकरूंच्या गाड्यांत ऑटोमॅटिकचे प्रमाण वाढले तेव्हा हे समीकरण अपुरे पडले. २००८ ची ऑटोमॅटिक स्कॉर्पिओ, नंतर इनोव्हा क्रिस्टा, आणि पिकअपच्या वर्गात इसुझूची व्ही-क्रॉस व २०२२ मध्ये आलेली टोयोटाची हायलक्स यांना ज्याच्या त्याच्या पुस्तिकेतलेच ऑइल लागते; लाल रंग ही खूण पुरत नाही. शिवाय ड्रेन नट काढला तरी सगळे ऑइल उतरत नाही, बराच भाग टॉर्क कन्व्हर्टरमध्ये राहतो. म्हणून जुन्या ऑटोमॅटिकमध्ये थोडे थोडे, काही अंतराने दोन-तीन वेळा बदलणे हा सुरक्षित मार्ग मानला जातो. वर्षानुवर्षे न बदललेले ऑइल यंत्राच्या दाबाने एकदम धुऊन काढले, तर साचलेला गाळ सुटून बारीक वाहिन्यांत अडकू शकतो. ऑइल काळे असून त्याला करपलेला वास येत असेल, तर आतले क्लच आधीच जळलेले असतात, आणि नवे ऑइल ते परत आणत नाही.

गाडी उभी राहिली तरी तेल जुने होते, हे कोविडच्या काळाने दाखवले. साई मंदिर १७ मार्च २०२० रोजी दर्शनासाठी बंद झाले आणि १६ नोव्हेंबरला उघडले. पुढच्या वर्षी ते पुन्हा काही महिने बंद राहिले. फुलांच्या, प्रसादाच्या, प्रवाशांच्या गाड्या जागेवर थांबल्या. उभ्या गियर बॉक्समध्ये ऑइल तळाला बसते, वरचे दात कोरडे पडतात, हवेतले पाणी आत साठते आणि रबरी सील कडक होतात. अशी गाडी हप्ता भरण्यासाठी घाईने रस्त्यावर काढण्यापूर्वी ऑइल बदलणे हा सर्वांत स्वस्त खर्च असतो. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाल्यापासून गाड्यांवर नव्या प्रकारचा ताण आला आहे. उन्हाळ्यात तासन्‌तास एकाच वेगाने धावणाऱ्या जुन्या पिकअपच्या हौसिंगमध्ये ऑइल पातळी कमी असेल, तर क्राऊन-पिनियन निळा पडेपर्यंत तापतो.

उतरवलेल्या ऑइलचे काय करायचे, हा या इतिहासातला सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. जळके ऑइल गावात कधी फुकट गेले नाही. लाकडी खांबांना आणि वाशांना वाळवी लागू नये म्हणून ते फासत. शिर्डीत लॉज आणि भक्तनिवासांची बांधकामे वाढली तसे ते सेंटरिंगच्या फळ्यांना लावायला जाऊ लागले, म्हणजे काँक्रीट चिकटत नाही. उरलेले बऱ्याचदा गॅरेजमागच्या मातीत जाई. वापरलेले ऑइल घातक कचऱ्याच्या नियमांखाली येते. १९८९ चे पहिले नियम २०१६ मध्ये नव्याने आले, आणि १ एप्रिल २०२४ पासून वापरलेले ऑइल परत गोळा करून त्यावर पुनर्प्रक्रिया होईल हे पाहण्याची जबाबदारी ऑइल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर टाकण्यात आली. छोट्या गॅरेजने त्यासाठी करायचे ते एवढेच : जुने ऑइल पाण्यात किंवा ब्रेक ऑइलमध्ये न मिसळता झाकणाच्या पिंपात साठवायचे आणि परवानाधारक गोळा करणाऱ्यालाच द्यायचे. ज्या कालव्यांनी या भागात ऊस आणि पेरू आणले, ते राहात्याजवळ याच रस्त्यांच्या बाजूने वाहतात, आणि आजूबाजूच्या विहिरींचे पाणी त्यांच्यावरच चालते.